फरशी ओली होती

अकोला, डाबकी रोड
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

चि. आकांक्षास,

बाबांचा आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझी आई अमरावतीला मावशीकडे चार दिवस राहून काल आली. येताना संत्र्यांची पिशवी आणली, आता रोज सकाळ-संध्याकाळ संत्रीच खाणं चालू आहे. थंडी पडायला लागली. सकाळी स्वेटर घालतो आणि दुपारी काढून हातात घेऊन फिरतो. तुझ्याकडची थंडी कशी आहे ते आईला सांग, मला सांगितलं की ती म्हणते तुम्हाला नीट ऐकू येत नाही.

तुला वाटेल, रोज फोन होतो तर बाबा पत्र काहून लिहून राहिले. फोनवर आई शेजारी बसलेली असते. आणि मला फोनवर सलग बोलता येत नाही, मधेच "बरं ठेवतो" म्हणून मोकळा होतो. ही सवय तुला माहीत आहे.

तू पाठवलेला फोटो आईनं बोटांनी मोठा करून करून पाहिला. तू माइक घेऊन उभी आहेस आणि मागे पडद्यावर लिहिलं आहे, 'कामाची जागा सुरक्षित ठेवणे ही मालकाची जबाबदारी'. शेजारच्या काकूंनाही दाखवला. त्या म्हणाल्या, पोरगी मोठ्या कंपनीत साहेबांना शिकवते म्हणजे कमाल झाली. मला बरं वाटलं.

मग मंगळवारी तू फोनवर विचारलं, "बाबा, तुमच्या अकॅडमीत होती का अशी समिती?" मी म्हटलं, "होती ना. मोठा बोर्डच होता." तू म्हणाली, "वा, अकोल्यासारख्या ठिकाणी!" आणि आपण तुझ्या स्कूटीच्या इन्शुरन्सवर बोलायला लागलो.

बोर्ड होता हे खरं आहे. बाकीचं सांगायला हे पत्र घेतलं, पण कुठून सुरू करू ते कळत नाही. गुडघ्यांपासून करतो.

ऑगस्टमध्ये मी नोकरी सोडली तेव्हा गुडघे दुखतात असं सांगितलं. तू पट्टे पाठवले, तेल पाठवलं. ते पट्टे आई वापरते. माझे गुडघे मजबूत आहेत. रोज मोर्णा नदीच्या पुलापर्यंत चालत जातो आणि येतो. तुझ्याशी खोटं बोललो त्याचं वाईट वाटतं, पण तेव्हा दुसरं काही सुचलं नाही.

दुसरं म्हणजे माझा जुना चष्मा. तू बारावीत होतीस, २०१५चा फेब्रुवारी. मी संध्याकाळी घरी आलो तर चष्म्याची एक काच तडकलेली आणि दांडी तारेनं बांधलेली. तू विचारलं, तर मी म्हटलं जिन्यात पडला. जिन्यात नव्हता पडला.

त्या दिवशी अकॅडमीच्या लॅबमध्ये तुमच्या दुसऱ्या बॅचचं रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल होतं. द्रावण मी बनवलं होतं आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या माझ्याकडून उलटसुलट झाल्या. चूक माझीच होती, हेही लिहून ठेवतो. सगळ्यांची उत्तरं चुकायला लागली. उद्धव सरांचे चिरंजीव अद्वैत सर तेव्हा पुण्याहून एमबीए करून नुकतेच संचालक म्हणून बसले होते. ते लॅबमध्ये आले आणि विचारलं, "हे कोणी बनवलं?" मी म्हटलं, "मी, सर." त्यांनी मला थापड मारली. बावीस पोरं-पोरी होती. चष्मा टेबलाखाली गेला. एका मुलीनं वाकून काढून दिला, तिच्याकडे मी पाहिलं नाही. मग सर म्हणाले, "आता उभा काय राहिलास, नवीन बनव." मी नवीन बनवलं. या वेळी द्रावण बरोबर झालं.

मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो, ते एकोणतीस-तीसचे.

दुसऱ्या दिवशी मी उद्धव सरांच्या घरी गेलो. तुला माहीत आहे मी त्यांना किती मानायचो. शहाण्णव साली दोन खोल्यांत फिजिक्सचा क्लास काढला तेव्हापासून मी त्यांच्यासोबत. फळा मी पुसायचो आणि खडू ते स्वतः विकत आणायचे. मी सगळं सांगितलं. त्यांनी बाईंना चहा सांगितला, डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "अद्वैत तापट आहे. मी बोलतो त्याच्याशी. तू मोठा आहेस देवीदास, मनावर घेऊ नकोस." मी म्हटलं, सर, पोरांसमोर मारलं. ते म्हणाले, "मी बघतो म्हटलं ना." मी उठलो तेव्हा दारापर्यंत आले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आकांक्षाचं आपण बघतोच आहोत."

तुझी बारावीची आणि नीटची दोन्ही फी माफ होती. त्यांनी तेवढंच वाक्य म्हटलं, अगदी मायेनं म्हटलं. मी सायकलवर बसलो आणि घरी आलो.

हे तुला आज सांगतो कारण तू दुसऱ्यांना हे शिकवतेस आणि तुझ्याच घरात काय झालं ते तुला माहीत नाही, हे मला बरोबर वाटेना. की माहीत होतं? त्यानंतर तू माझ्यासोबत लॅबमध्ये डबा खायला येणं बंद केलं होतं. मला वाटलं, बाप शिपायासारखा दिसतो म्हणून लाजत असेल. विचारलं मात्र कधी नाही.

आईला यातलं काही सांगू नको. तब्येतीची काळजी घे.

तुझे बाबा


अकोला
रविवार, ८ डिसेंबर २०२४

चि. आकांक्षास,

आशीर्वाद. तू फोनवर रडली तेव्हा मी भाजीबाजारात उभा होतो, हातात मेथीच्या दोन जुड्या. नीट बोललो नाही म्हणून राग धरू नको.

तुला माहीत होतं तर. दुसऱ्या बॅचमधल्या मैथिलीनं त्याच दिवशी सांगितलं होतं आणि फी माफी जाईल म्हणून तू गप्प राहिलीस. मी तुझ्यासाठी गप्प आणि तू माझ्यासाठी गप्प, आणि दोघं एकाच टेबलावर बसून वरण-भात खात होतो. पण आकांक्षा, तू सतरा वर्षांची होतीस. तुझ्या गप्प राहण्याचा हिशेब कोणी मागणार नाही. माझं तसं नाही.

तू म्हणालीस, "बाबा, तुमच्यावर अन्याय झाला. मी त्या माणसाला सोडणार नाही. इंटरनेटवर सगळं नावानिशी लिहिणार." लिहू नको. सरांना वाचवायला म्हणून म्हणत नाही. तू मला ज्या जागी बसवून राहिलीस ती माझी जागा नाही, म्हणून म्हणतो. तू दोन दिवस माझ्याशी इतक्या हळू आवाजात बोललीस की मला जेवण जाईना. हे पत्र त्यासाठी आहे.

पार्बताबाई तुला आठवतात का? झाडू-पोछा करायच्या, उंच, कपाळावर मोठं गोंदण. दहावीचा निकाल लागला तेव्हा त्यांनी तुला गुळाची ढेप आणून दिली होती, ढेकूळ नाही, अख्खी ढेप. त्या अकॅडमीत अकरा वर्षं होत्या. आता नाहीत.

गेल्या वर्षी जुलैमध्ये, म्हणजे २०२३ला, प्रवेशाचे दिवस होते. सकाळी साडेनऊला मी खालच्या लॅबमधून वर बाटल्यांचा ट्रे घेऊन चाललो होतो. पार्बताबाई वरच्या पायऱ्यांवर होत्या. पोछ्याला अजून सुरुवात केली नव्हती, बादली भरून नुकतीच ठेवली होती. खाली हॉलमध्ये पालक येऊन बसले होते. अद्वैत सर वरून आले आणि ओरडले, "किती वेळा सांगायचं, पालक यायच्या आत आटपत जा!" त्या म्हणाल्या, "सर, नळाले पानी उशिरा आलं." एवढंच. त्यांनी पार्बताबाईंचा दंड धरला आणि बाजूला फेकल्यासारखं केलं. जिना होता तो. बाजू कुठे असते जिन्याला? त्या पाच पायऱ्या खाली आल्या आणि माझ्या पायाशी पडल्या. मनगट उलटं वळलेलं मी पाहिलं.

माझ्या हातात ट्रे होता. मी आधी तो नीट भिंतीशी टेकवून ठेवला. एकही बाटली फुटली नाही. मग त्यांना उचललं.

आवाज ऐकून एक पालक धावत आले. "काय झालं हो?" अद्वैत सर पांढरेफटक पडले होते. आणि मी म्हटलं, "काही नाही साहेब. फरशी ओली होती, पाय घसरला."

मला कोणी तसं सांगितलं नव्हतं, धमकी दिली नव्हती, डोळ्यानं खूणसुद्धा केली नव्हती. माझ्या मनानं आलं आणि माझ्याच तोंडून निघालं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे माणसासारखं पाहिलं. तुला खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं.

तेव्हा तुला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. घराचे हप्ते फिटले होते. तुझ्या नावाचा आडोसा मला घेता येत नाही, आणि मी तो घेणार पण नाही. फोनवर तू "माझ्यामुळे" म्हणून राहिलीस ते बंद कर. थापडेच्या वेळी तुझ्यामुळे होतं. या वेळी कोणामुळे होतं ते मी अजून शोधून राहिलो.

पुढचं ऐक. अकॅडमीनं आतली चौकशी केली, म्हणजे वकिलांनी एक कागद टाइप करून आणला. त्यावर माझी सही घेतली, 'सदर कर्मचारी ओल्या फरशीवरून स्वतः घसरून पडल्या, मी समक्ष पाहिले'. पार्बताबाई म्हणत होत्या सरांनी ढकललं. त्यांना खोटारड्या ठरवून काढून टाकलं. त्यांनी कोर्टात दावा लावला. मला सप्टेंबरमध्ये लॅब इन्चार्ज केलं. तू पेढे वाटायला सांगितलं होतं, ते याचे होते.

आणि मग तो बोर्ड लागला. वकिलांनीच सुचवलं असणार, कोर्टात दाखवायला. 'कर्मचारी सुरक्षा व तक्रार निवारण समिती'. अध्यक्ष उद्धव सरांच्या बाई, सदस्य अद्वैत सर स्वतः, आणि कर्मचारी प्रतिनिधी देवीदास, खाली माझा मोबाइल नंबर. दहा महिने त्यावर माझं नाव होतं, बैठक एकही झाली नाही.

या जुलैच्या शेवटी रिसेप्शनवरची सीमा लॅबमध्ये आली. बावीस वर्षांची पोरगी, दर्यापूरकडची, इथे खोली करून राहते. दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "काका, अद्वैत सर फाइल द्याच्या बहाण्यानं हात धरतात. सोडतच नाहीत. घरी गेल्यावर मेसेज करतात, फोटो पाठव म्हणतात. मी काय करू?" मी म्हटलं, "पोरी, दुसरी नोकरी पाहून घे." ती रडली नाही. मग म्हणाली, "मंग काका, बोर्डावर तुमचं नाव काहून आहे?"

मी बाटल्या पुसायला लागलो. ती गेली. पुढच्या आठवड्यात मी राजीनामा दिला आणि तुम्हाला गुडघे सांगितले.

परवा मी पार्बताबाईंच्या घरी गेलो होतो, खदान भागात. सुनेनं दार उघडलं. बाई ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या, डाव्या हातानं. उजवं मनगट वाकडंच जुळलं आहे. मी उभाच राहिलो.

"देवीदासभाऊ? आता काहून आले?"

"कोर्टात खरं सांगतो म्हणून सांगाले आलो."

"कोनाचं खरं?"

"सरांनी ढकललं ते."

त्या तूर निवडत राहिल्या. म्हणाल्या, "भाकर थापता येत नाई मले. सून थापते. पोरगी चांगली आहे, बोलत नाई काही. पन मले समजते ना." मग सुनेला हाक मारली, "च्या ठेव वं एक कप." एकच कप आला. मी प्यालो. त्या बसून होत्या.

त्यांच्या वकीलबाई तरुण आहेत, सरकारी मदतीतून मिळाल्या आहेत. मी जबाब फिरवतो म्हटल्यावर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "काका, मॅनेजमेंटनं दबाव आणला म्हणून तसं लिहून दिलं, एवढं सांगा. तुमच्यावरही येणार नाही आणि आपली बाजू पक्की होईल." तारीख एकोणीस डिसेंबर आहे.

दबाव आणला होता, असं सांगू का ग? तुझ्या पुस्तकात बसेल ते. मालकाच्या भीतीनं कामगार खोटं बोलला.

अजून एक गोष्ट आहे. ती इथे लिहून पाहिली, दोनदा खोडली. खोडलेलं दिसत असेल. तिथे उभा राहीन तेव्हा निघेल तोंडातून, नाहीतर नाही निघणार.

सीमाचा नंबर खाली देतो. ती अजून तिथेच आहे. माझ्याकडून तिचं काही झालं नाही, तुझ्याकडून होत असेल तर पाहा.

आईला आता थोडं थोडं कळलं आहे. ती माझ्याशी बोलते पण ताट वाढताना बोलत नाही.

तुझे बाबा


अकोला
रविवार, २७ एप्रिल २०२५

चि. आकांक्षास,

आशीर्वाद. ऊन चव्वेचाळीसच्या वर गेलं आहे. कूलर दुरुस्त करून आणला, पण रस्ता तापला की घर तापतंच. तुझी आई मेच्या पहिल्या आठवड्यात तुझ्याकडे येते म्हणते. तिला एकटीला गाडीत बसवून देईन.

निकाल लागला. तुला फोनवर आईनं "पार्बताबाईले पैसे भेटले" एवढंच सांगितलं. पूर्ण मी लिहितो, डिसेंबरपासूनचं.

एकोणीस तारखेला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. अद्वैत सर आले नव्हते. उद्धव सर आले होते, मागच्या बाकावर, हातात कापडी पिशवी. पार्बताबाई आणि त्यांची सून पुढे बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. सरांनी दंड धरून ढकललं, मी पाहिलं, मी खोटी सही केली. वकीलबाईंनी विचारलं, "तुमच्यावर व्यवस्थापनाचा दबाव होता का?" त्यांनी मान हलवून हो म्हणायची खूण केली.

मी म्हटलं, "नाही. घसरल्याचं मीच सुचवलं."

त्यांचा चेहरा उतरला. मग अकॅडमीचे वकील उठले. शांत माणूस, मला काका म्हणत होते. त्यांनी एक फोटो दाखवला, जिन्याचा. पायऱ्यांवरून पाणी वाहून राहिलेलं, पोछा आडवा पडलेला. फोटोवर तारीख होती, वेळ होती, नऊ पंचावन्न. "काका, फरशी ओली दिसते ना?"

"दिसते."

"मग तेव्हा खोटं बोलले की आता बोलताय?"

"तेव्हा."

"फोटो खोटा आहे?"

"फोटो खरा आहे. पाणी मी ओतलं."

मला वाटलं ऐकू गेलं नाही म्हणून मी पुन्हा सांगितलं. पार्बताबाईंना रिक्षात घालून दवाखान्यात पाठवलं. पालक मागे फिरले. मी परत जिन्यात आलो. पायऱ्या कोरड्या होत्या आणि बादली भरलेली तशीच उभी होती. मी ती आडवी केली. मग ऑफिसात जाऊन सांगितलं, फोटो काढून ठेवा.

हीच ती खोडलेली गोष्ट. थापडेपेक्षा, सहीपेक्षा मला ती बादली जास्त आठवते, कारण तिथे कोणीही नव्हतं. सरही नव्हते. मी एकटा होतो, आणि एकटा असताना मी ते केलं.

बाहेर व्हरांड्यात उद्धव सर माझ्यापाशी आले. म्हातारे झाले आहेत खूप. म्हणाले, "देवीदास, तू असं करशील असं मला वाटलं नव्हतं."

मी म्हटलं, "मलेही वाटलं नव्हतं सर. कोणतं म्हणता? पाणी ओतलं ते की सांगतलं ते?"

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मी म्हटलं, "पंधरा साली मी तुमच्या घरी आलो होतो. तुम्ही मी बघतो म्हणाले होते. तेव्हा पाहिलं असतं तर पार्बताबाईंचा हात शाबूत राहिला असता." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना असं बोललो. ते म्हणाले, "मुलगा आहे रे माझा." आणि जिना उतरून गेले, कठड्याला धरून.

पार्बताबाई झाडाखाली सुनेसोबत उभ्या होत्या. मी गेलो. मला वाटलं शिव्या देतील. मनातून वाटत होतं द्याव्यात.

"इतले दिवस मले वाटे," त्या म्हणाल्या, "त्यानं तुमाले दम देल्ला असन. गरीब मानूस, काय करन. म्हून मी तुमच्या नावानं कधी बोटं मोडली नाई."

मी खाली पाहत होतो.

"माही बादली होती ती?"

"हो."

"खालच्या नळावरून भरून आनली होती मी. दोन जिने चढून."

एवढं बोलून त्या सुनेचा हात धरून रस्त्याकडे गेल्या. आज चार महिने झाले, मी त्या वाटेनं जात नाही.

आता निकाल. वकीलबाईंनी मला वाचून दाखवला. बाई कामावर असताना जखमी झाल्या हे दोन्ही बाजूंना मान्य आहे, मग घसरून असो की कशानं, नुकसानभरपाई अकॅडमीनं द्यायची. म्हणजे मी खोटं बोललो नसतो, पाणी ओतलं नसतं, तरी त्यांना ती मिळालीच असती. माझ्या खोट्यानं अकॅडमीचा काही फायदा झाला नाही. फक्त अद्वैत सरांचं नाव वाचलं. कारण पुढे लिहिलं आहे की ढकलल्याचं सिद्ध होत नाही. एकमेव प्रत्यक्षदर्शी साक्षीदारानं दोन वेळा दोन वेगळी विधानं केली आणि जागेवरची स्थिती स्वतः बदलल्याचं कबूल केलं, सबब त्याच्या साक्षीवर विसंबता येत नाही. त्या ओळीत माझं पूर्ण नाव आहे, बापाच्या नावासकट.

अद्वैत सर आहेत तिथेच आहेत. जिन्याला नवीन खरखरीत पट्ट्या लावल्या आहेत, पाय घसरू नये म्हणून. बोर्डावर माझ्या नावावर कागद चिकटवला आहे.

शेवटचं लिहितो आणि संपवतो. गेल्या सोमवारी सीमा भेटली, टॉवर चौकात, बसला उभी होती. तिनं नोकरी सोडली. जिल्ह्याच्या समितीकडे तक्रार केली आहे, मालकाविरुद्ध असेल तर तिकडे करायची असते असं तिला तू सांगितलं, मेसेज कसे जपून ठेवायचे, तारखा कशा लिहायच्या ते सगळं सांगितलं. ताई ताई करून राहिली होती. मला इतकं बरं वाटलं. मी म्हटलं, "पोरी, माझं नाव दे साक्षीदार म्हणून. तू लॅबमध्ये येऊन मला सांगतलं होतं, जुलैमध्ये. मी सांगीन, कोणासमोरही सांगीन."

ती चपलेकडे पाहायला लागली. म्हणाली, "काका, राग नका मानू. तुमचं नाव नको. तुमची साक्ष घेतली तर ते लोक तो निकाल दाखवतीन आन् माही केस कच्ची होईन."

मी विचारलं, "वकील म्हणाले का?"

तिची बस आली. पायरीवर चढता चढता म्हणाली, "ताईनंच सांगतलं, काका."

आकांक्षा, तू बरोबर सांगितलंस. तुझ्यासमोर दुसऱ्या कोणाचा बाप असता तरी तू हेच सांगितलं असतंस, आणि तेच तुझं काम आहे. मी दोन दिवस विचार करून पाहिला, त्यात चूक कुठे सापडत नाही. सीमाची केस पक्की राहिली पाहिजे. मला फोनवर कधी हे सांगावं लागेल म्हणून तू चार महिने नुसतं हवापाणी विचारून राहिली होतीस, ते आता कळलं. माझ्या साक्षीचं आणि निकालाचं तुला वकीलबाईंकडून आधीच कळलं असणार. आता त्याची गरज नाही. मोकळेपणानं फोन करत जा.

आईसोबत लोणच्याची बरणी देतो, नीट बांधून.

ज्याची साक्ष तू घेतली नाहीस तो,
तुझा बाप
देवीदास